गोपीबाईंना आवतण

आमच्या सोसायटीत मला ‘गोष्टीवाल्या मॅडम’ म्हणतात. दर गणपतीत कार्यकारिणीतलं कुणीतरी येतं आणि विचारतं, ‘मॅडम, यंदा लहान मुलांसाठी अर्धा तास गोष्टी सांगाल का?’ मी सांगून सांगून थकले, की बाबांनो, मी गोष्टी सांगत नाही, ऐकते. आणि त्या कशा ऐकायच्या ते मोठ्या माणसांना शिकवते. यावर समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. ऐकायला काय शिकायचं असतं? कान तर सगळ्यांनाच असतात. एका गृहस्थांनी तर मला फार सहानुभूतीनं विचारलं होतं, ‘आणि याची फी देतात लोक?’

देतात. नवीन पनवेलमध्ये एका सोनोग्राफी सेंटरच्या वरच्या मजल्यावर आमचा वर्ग भरतो. खालून ‘पाणी पिऊन झालं का?’ असा पुकारा होत असतो आणि वर आम्ही माणसाच्या दुःखाबद्दल बोलत असतो. नॅरेटिव्ह थेरपीचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम, असं त्याचं भारदस्त नाव आहे. शिकायला येतात त्या शाळांतल्या समुपदेशक, दवाखान्यांतल्या नर्सेस, एखादा फिजिओथेरपिस्ट, एखादी डायलिसिसच्या खोलीत काम करणारी मुलगी. शनिवार-रविवारी येतात, नोकरी आणि घर सांभाळून येतात, म्हणून दुपारी तीनच्या सुमाराला निम्मा वर्ग पेंगत असतो. मी त्यांना रागावत नाही. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या मनोविकार विभागात मी निवृत्त होईपर्यंत समाजसेविका होते, तेव्हा मीही उभ्याउभ्या झोपायला शिकले होते.

आता हा धंदा काय आहे ते सांगते. साध्या भाषेत सांगायचं तर माणूस वेगळा आणि त्याचा त्रास वेगळा, असं धरून आम्ही बोलायला बसतो. ‘तुम्ही चिडके आहात’ असं न म्हणता ‘ही चिडचिड तुमच्याकडे कधीपासून यायला लागली?’ असं विचारतो. ऐकायला पोरकट वाटतं. पण त्रासाला आपल्यापासून हातभर लांब बसवलं, की माणसाला त्याच्याकडे नीट बघता येतं. ही युक्ती विद्यार्थ्यांना इतकी आवडते, की पहिल्या महिन्यात ते घरच्यांना भंडावून सोडतात. एका विद्यार्थिनीनं सासूबाईंना मोठ्या प्रेमानं विचारलं, ‘आई, हा राग आपल्या घरात कधीपासून राहायला आला?’ सासूबाई म्हणाल्या, ‘तू आलीस त्याच दिवशी.’ त्या बाईंना मी वर्गात पाहुण्या म्हणून बोलवायला हवं होतं.

त्रासाला नाव द्यायचं असतं, आणि ते ज्याचं त्यानंच द्यायचं असतं. खांदा कॉलनीतले एक निवृत्त बँक अधिकारी माझ्याकडे येत. त्यांनी आपल्या उदासीला ‘साहेब’ असं नाव ठेवलं होतं, कारण ती न विचारता केबिनमध्ये येऊन बसते आणि ती असताना दुसरं काही करता येत नाही. त्यांच्या पत्नी मला फोन करून सांगायच्या, ‘आज साहेब रजेवर आहेत, आम्ही नाटकाला चाललोय.’ मी कितीही डोकं खाजवलं असतं तरी मला ‘साहेब’ सुचला नसता.

दुसरी एक पद्धत आहे, ती शिकवताना मात्र माझा घाम निघतो. तिला आम्ही साक्षीदारांचं वर्तुळ म्हणतो. एकजण पाहुण्याशी बोलतो. आम्ही ‘पेशंट’ म्हणत नाही, पाहुणा म्हणतो. बाकीचे मागे गप्प बसून ऐकतात. मग जागा बदलायच्या. पाहुण्यानं मागे बसून ऐकायचं आणि साक्षीदारांनी आपापसात बोलायचं. काय बोलायचं? ऐकताना कोणता शब्द कानात राहिला, डोळ्यांपुढे काय आलं, आणि आपल्या स्वतःच्या आयुष्यात ते कुठे जाऊन लागलं, एवढंच. कौतुक करायचं नाही आणि सल्ला द्यायचा नाही. आता आपल्या माणसांना सल्ला देऊ नका म्हणणं म्हणजे श्वास घेऊ नका म्हणण्यासारखं आहे. मी वर्तुळात बसवलेल्या एका सद्गृहस्थांनी वडील गेलेल्या मुलीला हळद घालून दूध प्यायला सांगितलं होतं.

वॉर्डात असताना माझ्या वाट्याला एकेका माणसासाठी दहा मिनिटं यायची. तेवढ्यात नाव, गाव, गोळ्या आणि सोबत कोण, एवढंच व्हायचं. पुढचं ऐकायचं राहून गेलेली कितीतरी माणसं अजून माझ्या डोळ्यांपुढे येतात. त्याची हळहळ आहेच. म्हणून निवृत्तीनंतर घरी बसून आवळा-सुपारी करायच्या वयात मी हा उद्योग मांडला. आणि त्या उद्योगात बामाबाई आल्या नसत्या, तर मी आज हे लिहायला बसले नसते.

बामाबाईंना माझ्याकडे पाठवलं ते घशाच्या डॉक्टरांनी. दुर्बीण घालून बघितलं, घशात काही नाही, पण बाईंचा आवाज जातो, असं त्यांनी फोनवर सांगितलं. बाई जासईच्या बाजूच्या, आगरी समाजातल्या. धवलारीण. हा शब्द शहरातल्या वाचकांना ठाऊक नसेल. आगरी-कोळ्यांच्या लग्नात हळदीपासून मांडवापर्यंतचे विधी ज्या गाण्यांवर चालतात त्यांना धवळे म्हणतात, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. भटजी नंतर येतो. धवलारीण मांडवाच्या खांबाला, हळदीला, पाट्या-वरवंट्याला, एकेकाला हाक मारते, गावोगावच्या देवांना आवतण देते, घराण्यातल्या गेलेल्या माणसांनाही नाव घेऊन लग्नाला बोलावते. तिनं बोलावल्याशिवाय कुणी येत नाही, असं मानतात.

आणि या बाईंचा आवाजच गेला होता. एरवी बोलायला खणखणीत. पण दोन लग्नांत धवळे म्हणता म्हणता त्या मध्येच थांबल्या. तोंड उघडं, आवाज नाही. तिसऱ्या लग्नाला त्यांनी जायलाच नकार दिला. आता वैशाखात त्यांच्या स्वतःच्या नातीचं, प्रणालीचं लग्न होतं. प्रणाली म्हणत होती, आजीनं धवळे म्हटले नाहीत तर मी हळदीला बसणार नाही. आजी म्हणत होती, दुसरी कुणीतरी बघा. गावात कुजबूज सुरू झाली होती, की म्हातारीवर कुणीतरी काहीतरी केलंय.

त्यांना घेऊन त्यांचा मुलगा सुरेश आला होता. चाळिशी ओलांडलेला, गळ्यात चेन, हातात दोन फोन. त्याचे ट्रेलर चालतात, कंटेनर यार्डांत सतत काहीतरी अडकलेलं असतं, त्यामुळे तो दर पाच मिनिटांनी जिन्यात जाऊन कुणालातरी ओरडून यायचा. पण आईची चप्पल तो स्वतः वाकून नीट लावून ठेवायचा, ते मी पाहिलं.

‘मॅडम, इला बरी करा,’ तो म्हणाला. ‘माजी पोरगी रोज रडतेय.’

बोलायला मी अदितीला बसवलं. अदिती एका शाळेत समुपदेशक आहे. मूळची पुण्याची, लग्नानंतर विचुंब्याच्या एका नव्या टॉवरमध्ये राहायला आलेली, हुशार आणि मन लावून काम करणारी. तिनं फार गोड बोलून सुरुवात केली. पण तिला कधी एकदा त्रासाला नाव देते असं झालं होतं. बामाबाई म्हणाल्या, ‘तिथं गेला का छातीत धडधडता,’ आणि अदितीनं ते झेललं. ‘म्हणजे भीती येते का आजी?’ बामाबाईंनी मान डोलावली. झालं. मग भीती कशी दिसते, भीती कुठून येते, भीती तुमच्या कानात काय सांगते, भीतीला तुम्ही कधी हरवलंय का. बामाबाई सगळ्याची उत्तरं देत होत्या. भीती काळी होती, लांब केसांची होती, मांडवाच्या मागून येत होती. मागे बसलेला वर्ग भराभर लिहून घेत होता. मला आतून काहीतरी खटकत होतं, पण शिकणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही असा माझाच नियम आहे.

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. भीतीच्या केसांची लांबी वाढली होती, आवाज तिथेच होता. शेवटी मी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, ‘बामाबाई, ही भीती खरंच आहे का हो?’

त्यांनी अदितीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘नाय,’ म्हणाल्या.

‘मग?’

‘पोरगी इचारते, तिला वाईट नको वाटायला म्हनून मी बोलली. मना वाटला, हा तुमचा औषद हाय. दिल्याला औषद घ्याला पाहिजे.’

वर्ग हसला, अदिती लाल झाली आणि मग तीही हसली. माझा मात्र जीव हरखला. या धंद्यात सगळ्यांत मोठी चूक कोणती, तर पाहुण्याच्या त्रासाचं बारसं आपणच करून टाकायचं. आणि आमच्या पाहुण्या इतक्या रीतभातीच्या, की आम्ही ठेवलेलं नाव त्या दोन आठवडे खेळवत होत्या.

‘मग आवाज कुठे जातो?’ मी विचारलं. ‘म्हणजे धवळ्यात नेमकी कोणती जागा येते तेव्हा?’

हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता. डॉक्टरांनी घशातली जागा विचारली होती, गाण्यातली नाही. बामाबाई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘देवांना बोलवून होता. मंग मानसांना बोलवाचा. गेलेल्यांना. तिथं.’

‘दोन्ही वेळेला तिथंच?’

‘तिथंच.’

आम्ही त्यांना आणखी खोदून विचारलं नाही. जाताना सुरेशनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की आईची जोडीदारीण होती, गोपीबाई, ती मागच्या पावसाळ्यानंतर वारली, तेव्हापासून हे सुरू झालं. धवळे दोघी मिळून म्हणतात. एक ओळ सोडते, दुसरी तीच मागून उचलते. मिठागरात मीठ ओढायच्या कामावर दोघी भेटल्या होत्या आणि तिथल्याच एका म्हातारीकडून दोघींनी धवळे घेतले होते. ‘पन आमी तिला दुसरी बाई जोडून दिली ना,’ सुरेश म्हणाला. ‘माजी चुलत भावजय. चांगली म्हनते. तरी आवाज जातो.’

या लेखातली बाकी सगळी नावं मी बदलली आहेत. गोपीबाईंचं नाव बदलायचं नाही असं बामाबाईंनी मला बजावलं आहे.

तिसऱ्या खेपेला आम्ही साक्षीदारांचं वर्तुळ ठेवलं. सुरेशला मी फोन बंद करून आईशेजारी बसायला सांगितलं. त्यानं फोन बंद केले, हीच मला मोठी घटना वाटली. अदितीच बोलायला बसली. या वेळी तिनं भीतीचं नावही काढलं नाही. ‘गोपीबाई कशा होत्या ते सांगाल का?’ एवढंच विचारलं आणि हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली.

बामाबाई बोलायला लागल्या. गोपी काळी होती, उंच होती, पाटी डोक्यावर घेतली की वाकायची नाही. हसायला लागली की मिठाची पाटी सांडायची. नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत गेला. मूलबाळ नाही. सासरच्यांनी ठेवली नाही, माहेरी कुणी उरलं नव्हतं. मिठागरं बंदरासाठी गेली, तेव्हा ज्यांच्या जमिनी होत्या त्यांना काहीबाही मिळालं. गोपीची जमीन नव्हती. एका खोलीत राहिली, लोकांच्या लग्नांत धवळे म्हणत राहिली. ‘बारा गावच्या मेलेल्यांची नावा तिला पाठ,’ बामाबाई म्हणाल्या. ‘मी चुकले का ती मागून बरोबर म्हनाची. लोकांना कलायचा नाय.’

मग जागा बदलल्या. बामाबाई आणि सुरेश मागे बसले आणि साक्षीदार पुढे आले. पहिले दोघं आमचे नियम पाळत, जपून जपून, काहीतरी बरं बोलले. मग शबाना सिस्टर बोलायला लागली.

शबाना पनवेलच्या एका प्रसूतिगृहात स्टाफ नर्स आहे. वर्गात सहसा बोलत नाही. पेंगणाऱ्यांत तिचा नंबर पहिला, कारण ती बहुतेक वेळा रात्रपाळी करून आलेली असते. त्या दिवशी तिनं ओढणी नीट केली आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, ‘माझ्या कानात मेलेल्यांची नावं पाठ, हे राहिलं. मला माझी मोठी खाला, म्हणजे मावशी, दिसली. आमच्या मोहल्ल्यात कुठल्याही बाईची मय्यत झाली की खालाला बोलावणं यायचं. शेवटची आंघोळ घालायला. पन्नास-साठ घरांतल्या बायका तिच्या हातून गेल्या असतील. तिला स्वतःचं कुणी नव्हतं. ती गेली, तेव्हा सगळ्या बायका जमल्या, आणि सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसल्या. कारण हे काम करणारी तीच होती ना. तिला कोण घालणार?’

‘मी नर्स,’ शबाना म्हणाली. ‘मी उठले. मला त्यातलं काही येत नव्हतं, एका म्हातारीनं सांगितलं तसं करत गेले. मी हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बामाबाईंनी गोपीबाईंचं सांगितलं तेव्हा मला तेच वाटलं. सगळ्यांना बोलावणाऱ्या बाईला कोण बोलावणार?’

मागून आवाज आला. नियमाप्रमाणे पाहुण्यानं त्या वेळी बोलायचं नसतं. पण नियम कुणाला आठवत होता? बामाबाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि आवाज एकदम मोकळा होता.

‘तेच!’ त्या म्हणाल्या. ‘तेच हाय! कोन बोलवल तिला? लगीन ज्याच्या घरचा, त्याच घरच्या मेलेल्यांना बोलवाची रीत हाय. गोपीला घर कुठं हाय? सगल्यांच्या आज्या-पनज्यांना तिनं मांडवात आनला. आन् ती मेली ती कायमची भायेर. मी नावा घ्याला लागली का मना ती दिसते. मांडवाच्या भायेर उबी हाय, डोक्यावर पाटी घेऊन. तिला ठेवून मी पुढचा नाव कसा घेऊ? नाय येत पुढचा नाव. गला धरते ती नाय माजा, मीच धरते.’

मी या कामात आयुष्य घालवलं. माणसाच्या दुखण्याच्या आत त्याला जपायची असलेली एखादी गोष्ट लपलेली असते, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. त्या दिवशी ते माझ्यासमोर उभं राहून बोलत होतं. बाईंचा आवाज गेला नव्हता. बाईंनी आवाज अडवून धरला होता, मैत्रिणीसाठी. ज्याला आम्ही सगळे आजार समजत होतो, तो त्यांचा हट्ट होता, आणि असा हट्ट धरायला केवढी ताकद लागते! शबाना जागेवरून उठली आणि बामाबाईंचे हात धरून उभी राहिली. दोघी एकमेकींच्या कानाशी काहीतरी बोलल्या. ते काय होतं ते मी विचारलं नाही.

खालून कुणीतरी ओरडलं, ‘पाणी पिऊन झालं का?’ तेव्हा कुठे सगळे भानावर आले.

सुरेश मात्र खाली मान घालून बसला होता. तो म्हणाला, ‘आये, मना आदी सांगाचा ना.’

‘सांगून काय केला असतास?’

बामाबाईंचं खरंच होतं. कारण लग्न त्याच्या मुलीचं असलं तरी सूप भावकीचं होतं. त्यांच्या घराण्यात अशी रीत आहे, की मांडवात तांदळानं भरलेलं सूप ठेवतात. धवलारीण गेलेल्या माणसाचं नाव घेते आणि भावकीतला सगळ्यांत थोरला पुरुष त्या नावाची एक सुपारी सुपात ठेवतो. सुपारी ठेवली, की ते माणूस आलं, बसलं. हे थोरले म्हणजे नामातात्या, सुरेशच्या वडलांचे चुलत भाऊ. नातीच्या लग्नाची खरेदी एकीकडे आणि नामातात्यांच्या ओट्यावरच्या बैठका दुसरीकडे, असं आता सुरू झालं. सुरेश मला फोन करून हकिकत सांगायचा. मी त्याला सल्ला द्यायची नाही, ‘हं’ म्हणायची. माझ्याच नियमानं माझी पंचाईत केली होती.

नामातात्यांचं म्हणणं सरळ होतं. परक्या घरचं मेलेलं माणूस आपल्या सुपात आणून बसवायचं? त्यात निपुत्रिक, विधवा बाई, आणि लग्न कोवळ्या पोरीचं. उद्या काही वाईट-वाकडं झालं तर कुणाच्या नावानं बोटं मोडायची? ते दुष्टपणानं बोलत होते असं मला वाटलं नाही. ज्याच्या हातात सूप असतं त्याला भीती जास्त असते. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ‘बगू’ म्हणाले.

मी बामाबाईंना विचारलं, ‘आता काय करणार?’

‘मी बोलवनार,’ त्या म्हणाल्या. ‘नाव घेनार. त्यानं सुपारी नाय ठेवली तं नाय ठेवली.’

‘आणि मग?’

‘मंग ती भायेर, आन् मी पन भायेर. मंग मी पुन्ना गायाची नाय. पोरीच्या लगनात नाय, कोनाच्याच नाय.’

त्यांच्या पोटात दोन-अडीचशे ओळींचे धवळे आहेत. एकही कुठे लिहिलेली नाही. सुरेशच्या भावजयीला निम्मेही येत नाहीत. बाई उठल्या तर ते सगळं घेऊन उठणार होत्या, आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

लग्नाला आम्हा तिघींना आवतण होतं, मला, अदितीला आणि शबानाला. मांडव दारातच, मागे कंटेनरच्या रांगा, आणि रस्त्यावरून ट्रेलर गेला की मांडवाची झालर हलायची. डीजेवाल्यानं स्पीकरची भिंत उभी केली होती. सुरेशनं त्याला धमकी देऊन गप्प बसवलं होतं. प्रणाली हळदीच्या पाटावर बसली होती. समोर सूप, सुपाशेजारी पांढऱ्या टोपीतले नामातात्या, हातात सुपाऱ्यांची पिशवी. चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

बामाबाईंनी सुरुवात केली. आवाज जाड, थोडा खरखरीत, पण असा, की पत्रावळी लावणारे पुरुषही हातातलं काम थांबवून बघायला लागले. खांबाला बोलावलं. हळदीला बोलावलं. उंबराला, समुद्राला, डोंगरावरच्या देवीला, गावाच्या वेशीवरच्या देवाला बोलावलं. भावजय मागून ओळ उचलत होती. मग माणसं सुरू झाली. प्रणालीचा पणजा, मांडवाला या. सुपारी. पणजी, मांडवाला या. सुपारी. बामाबाईंचा नवरा, नामातात्यांचे आई-वडील, लहानपणी बुडालेला एक दीर. दर नावाला नामातात्यांचा हात पिशवीत जायचा आणि सुपात यायचा.

मग ती जागा आली. बामाबाई थांबल्या. तोंड उघडं राहिलं. प्रणाली पाटावरून आजीकडे बघत होती. शेजारी शबानानं माझा दंड इतका घट्ट धरला होता, की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता.

आणि बामाबाईंनी नाव घेतलं. गोपी, मीठ ओढणारी, ओळ उचलणारी, मांडवाला या.

भावजयीनं ओळ उचलली नाही. ती घाबरून नामातात्यांकडे बघत होती. सगळा मांडवच त्यांच्याकडे बघत होता. त्यांचा हात पिशवीपाशी थांबलेला. एक बाई दुसरीच्या कानात काही बोलायला वाकली आणि न बोलताच सरळ झाली.

नामातात्यांनी घसा खाकरला. ‘बामे,’ ते म्हणाले, ‘ती एकली कशी येल?’

बामाबाईंचा चेहराच उतरला.

‘दादल्याचा नाव नाय घेतलास,’ नामातात्या म्हणाले. ‘आपल्या मांडवात कंदी कोना बाईला एकली बोलवलीय? जोडीनं बोलव.’

बामाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांना हसू आलं आणि रडूही आलं, आणि त्या तशाच गायल्या. धर्मा, गोपीचा दादला, मांडवाला या. या वेळी मागून ओळ उचलली गेली, एका भावजयीनं नाही, सगळ्या बायकांनी.

नामातात्यांनी पिशवीतून दोन सुपाऱ्या काढल्या. सुपात जागा उरली नव्हती. त्यांनी आपल्या आई-वडलांच्या सुपाऱ्या दोन बोटांनी जरा बाजूला सरकवल्या, मधल्या तांदळात त्या दोन शेजारी शेजारी बसवल्या आणि वर न बघता म्हणाले, ‘हां. म्हन पुढं.’